कोरड्या मुलखातील मद्यगंध

रदरफर्ड हेज हे 1877 साली अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी रशियाच्या राजपुत्रांना दिलेल्या एका मेजवानीनंतर राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी, म्हणजे व्हाइट हाउसमध्ये, मद्य वाढण्याची चाल त्यांनी बंद करून टाकली. त्यांच्या पत्नी लूसी या स्वतः मद्यास शिवत नसत, म्हणून या बंदीचे श्रेय आणि अपश्रेय ही दोन्ही त्यांच्याच पदरी पडली, आणि पुढील पिढ्यांनी त्यांना ‘लेमोनेड लूसी’ हे काहीसे खवचट नाव बहाल केले. परंतु परराष्ट्रांचे वकील, सिनेटचे सभासद आणि वृत्तपत्रांचे बातमीदार यांच्यात लवकरच अशी कुजबुज सुरू झाली, की मेजवानीच्या मध्यावर संत्र्याच्या पोखरलेल्या सालीत भरून जे गोठवलेले पंच येते, त्यात जमैकाची रम सढळ हाताने घातलेली असते, आणि घसा कोरडा पडलेल्या पाहुण्यांच्या दृष्टीने तो पदार्थ म्हणजे वाटेवरले ‘जीवरक्षक ठाणे’च होय. निवृत्तीनंतर, 1887 च्या जानेवारीत, हेज यांनी आपल्या दैनंदिनीत या प्रवादाचा जो खुलासा नोंदवून ठेवला आहे तो मोठा मौजेचा आहे. जमैका रमला जो स्वाद असतो तोच स्वाद जरा ठसठशीतपणे आणावा, असा हुकूम त्यांनी स्वतःच मुदपाकखान्यास दिला होता. मद्याचा थेंबही त्या संत्र्यात नव्हता. तेव्हा फजिती झाली असेल तर ती यजमानांची नव्हे, पिणाऱ्यांचीच झाली, असे त्यांचे म्हणणे.

पिना कोलाडा, मार्गारिटा, मोहितो अशा मिश्रमद्यांचे स्वाद घरी भाजलेल्या क्रीमच्या केकमध्ये उतरविण्याचा जो छंद अलीकडे अमेरिकेतील गृहिणींना आणि हौशी बल्लवांना जडला आहे, त्याची वंशावळ शोधू गेल्यास ती पॅरिसच्या मिठाईवाल्यांपाशी जाऊन थांबते असे सामान्यतः समजले जाते. मला मात्र ती हेज यांच्या संत्र्यांपाशी अधिक स्पष्ट दिसते. युरोपातील मिठाईत मद्य होते ते मद्य म्हणूनच होते. स्वाद ठेवावा आणि नशा वगळावी, किंवा नशा नसतानाही तिचा आभास ठेवावा, ही कल्पना मिठाईवाल्याच्या डोक्यातून निघालेली नसून ती नीतिमंतांच्या आणि कायदेपंडितांच्या झगड्यातून निघालेली आहे.

युरोपाची बाजू थोडक्यात सांगतो. पोलंडचे पदच्युत राजे स्तानिस्लास अल्सास प्रांतात राहत असताना त्यांच्या पदरी असलेल्या स्तोरेर नावाच्या मिठाईकाराने 1730 मध्ये पॅरिसला दुकान थाटले, ते दुकान आजही चालू आहे, आणि रमच्या पाकात बुडविलेला ‘बाबा’ हा केक त्याच्याच नावाशी जोडला जातो. इंग्रजांच्या घरी शिळ्या स्पंज केकवर शेरी किंवा ब्रँडी ओतून, वर कस्टर्ड आणि घुसळलेली साय घालून ट्रायफल किंवा टिप्सी केक करीत, आणि हाच प्रकार ‘टिप्सी पुडिंग’ या नावाने हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांच्या टेबलांपर्यंत येऊन पोहोचला. जर्मनीच्या श्वार्त्सवाल्ड भागातील प्रसिद्ध केकमध्ये चेरीचे ऊर्ध्वपातित मद्य असलेच पाहिजे, असा तिथल्या खाद्यनियमांचा आजही दंडक आहे. या सर्व ठिकाणी मद्याचे प्रयोजन रोकडे होते: केक ओला राहावा, शिळेपणा झाकला जावा, अंड्याचा वास मोडावा आणि पदार्थ चार दिवस अधिक टिकावा. त्यात लपविण्यासारखे कोणास काही वाटत नसे.

अमेरिकेत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वयंपाकघर हेच मद्यविरोधी लढ्याचे एक ठाणे झाले. 1874 साली स्थापन झालेल्या ‘विमेन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन’ या संस्थेने गुत्त्यांच्या दारांत प्रार्थना करण्यापासून शाळांच्या क्रमिक पुस्तकांत मद्याचे दुष्परिणाम घालण्यापर्यंत अनेक उद्योग केले, आणि पुडिंगमधली ब्रँडी व सॉसमधली वाइन यांच्याकडेही तिची वक्र दृष्टी वळली. मराठी वाचकाला ही संस्था अगदीच अपरिचित नसावी. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला गेलेल्या पंडिता रमाबाई पुढे तिच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड यांच्या निकट परिचयात आल्या, संस्थेच्या कार्याशी त्यांनी स्वतःला जोडून घेतले, आणि 1889 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथातून त्या देशातील स्त्रियांच्या संघटित उद्योगाचे दर्शन त्यांनी महाराष्ट्रास घडविले. ज्या काळी आपल्याकडे स्त्रीने सभेत बोलावे की नाही याचाच खल चालला होता, त्या काळी एका राष्ट्राच्या कायद्याची दिशा बदलून टाकण्याइतके बळ स्त्रियांच्या एका संघटनेत येऊ शकते, हे पाहून रमाबाईंसारखी तेजस्वी स्त्री प्रभावित झाली नसती तरच नवल.

तथापि मद्यवर्जनाचा उपदेश एका बाजूला आणि घरचा केक दुसऱ्या बाजूला, असा सोयीस्कर व्यवहारही चालूच होता. अलाबामा संस्थानातील क्लेटन गावच्या एमा रायलंडर लेन या बाईंनी 1898 साली पाककृतींचे जे पुस्तक काढले, त्यातील त्यांच्याच नावाने पुढे गाजलेल्या लेन केकच्या थरांमध्ये अंड्यांचे पिवळे बलक, लोणी, साखर आणि मनुका यांचे सारण असते आणि त्यात पेलाभर व्हिस्की किंवा ब्रँडी मिसळलेली असते. दक्षिणेतील अनेक जिल्हे तेव्हा मद्यबंदीकडे झुकलेले होते. पण केक हा काही पेला नव्हे, अशी लोकांनी मनाची समजूत घालून घेतली होती.

1920 च्या जानेवारीत घटनेची मद्यबंदी आणणारी अठरावी दुरुस्ती देशभर अंमलात आली आणि ही समजूत कायद्याच्या काट्यावर तोलली जाऊ लागली. तिच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या व्होल्स्टेड कायद्याने अर्धा टक्का किंवा त्याहून अधिक मद्यार्क असलेले प्रत्येक पेय मादक ठरविले. परंतु त्याच कायद्यात काही मुभाही ठेवलेल्या होत्या. धर्मविधीची वाइन, वैद्याच्या चिठ्ठीवरची व्हिस्की, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पेय म्हणून वापरण्यास अयोग्य असलेले खाद्यस्वादांचे अर्क. व्हॅनिलाचा अर्क काढावयाचा तर मद्यार्काला पर्याय नाही; आजच्या अमेरिकी प्रमाणानुसारही त्यात किमान 35 टक्के मद्यार्क असावाच लागतो. म्हणजे ज्या राष्ट्रात बिअरचा पेला गुन्हा होता, त्याच राष्ट्रात गृहिणीच्या फडताळातली व्हॅनिलाची कुपी निर्वेधपणे उभी होती, आणि तिच्यातले द्रव्य बिअरहून कितीतरी तीव्र होते!

ही फट किती भयंकर ठरू शकते याचा दाखला 1930 साली मिळाला. ‘जमैका जिंजर’ या नावाचा आल्याचा अर्क औषध म्हणून विकला जाई. त्यात 70 ते 80 टक्के मद्यार्क असे आणि गरिबांची तहान त्यावर भागत असे. तो पिण्यास अयोग्य राहावा म्हणून त्यात आल्याचा कडवट अंश ठराविक प्रमाणात असलाच पाहिजे असा सरकारी नियम होता. तो चुकविण्यासाठी बॉस्टनच्या दोघा व्यापाऱ्यांनी आल्याऐवजी उद्योगधंद्यात वापरले जाणारे एक चवहीन रसायन त्यात मिसळले. त्या रसायनाने मज्जातंतू नष्ट होतात हे त्यांना ठाऊक नव्हते. हजारो माणसांचे पाय कायमचे लुळे पडले. त्यांच्या फरफटत्या चालीला ‘जेक वॉक’ असे नाव पडले आणि दक्षिणेतल्या गायकांनी त्यावर गाणी रचली.

येथे थोडे विषयांतर करून आपल्या मुंबई इलाख्याकडे पाहणे उपयोगाचे आहे, कारण हीच कहाणी आपल्याकडे वीस वर्षांनी निराळ्या पेहरावात घडली. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्याची व्याख्या इतकी ऐसपैस केली, की मद्यार्क असलेली औषधे आणि अत्तरासारखी प्रसाधनेदेखील तिच्या कक्षेत आली. त्यावर फ्रामजी बलसारा यांनी दावा लावला, आणि 1951 साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा स्थूलमानाने कायम ठेवून औषधे व प्रसाधने यांपुरत्या त्याच्या तरतुदी रद्द ठरविल्या. त्यानंतर दुरुस्तीने कलम 24-अ घालण्यात आले आणि त्यात प्रसाधने, औषधे व जंतुनाशके यांच्या जोडीला, मादक पेय म्हणून वापरण्यास अयोग्य असे मद्यार्कयुक्त स्वादार्क, इसेन्स आणि सरबते यांनाही सूट मिळाली. कलमाची भाषा व्होल्स्टेड कायद्याच्या भाषेशी सख्ख्या बहिणीसारखी जुळते. परमिटाचा कागद, अबकारी खात्याचे छापे आणि नाताळच्या केकमध्ये रम घालावी की रमचा इसेन्स, हा वांद्रे-माहीमच्या ख्रिस्ती घरांतला वार्षिक प्रश्न, ही सर्व एकाच कायद्याची लेकरे होत. पोर्तुगीज अंमलाखालच्या गोव्यात तो प्रश्न कोणास पडण्याचे कारण नव्हते.

आता पुन्हा अमेरिकेत आणि पुन्हा 1930 सालाकडे. याच वर्षी अटलांटिक महासागराच्या दोन तीरांवर दोन गोष्टी घडल्या, ज्यांचा परस्परांशी त्या वेळी काडीचाही संबंध नव्हता. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात हॅरी क्रॅडॉक यांचे कॉकटेलांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. क्रॅडॉक हे जन्माने इंग्रज, परंतु अमेरिकेतल्या बारमागे उमेदीची वर्षे काढून मद्यबंदीमुळे मायदेशी परतलेले गृहस्थ. आणि शिकागोजवळ काँटिनेंटल बेकिंग कंपनीच्या भट्टीत जेम्स ड्यूअर यांनी ट्विंकी नावाचा केक तयार केला.

ड्यूअर हे मूळचे कॅनडाचे. घोडागाडीवरून कंपनीचा माल पोहोचविण्यापासून त्यांची नोकरी सुरू झाली होती आणि आता ते व्यवस्थापक होते. कंपनी स्ट्रॉबेरीचे सारण भरण्यासाठी लांबट स्पंज केक करीत असे, परंतु स्ट्रॉबेरीचा हंगाम संपला की त्या केकचे साचे आणि यंत्रे तशीच पडून राहत. जागतिक मंदीने नुकतेच तोंड वासले होते आणि अशा काळात यंत्र निकामी ठेवणे ही चैन कोणत्याही व्यवस्थापकास परवडणारी नव्हती. त्याच साच्यांतले केक घेऊन त्यांच्या बुडातून क्रीम आत सोडावे, आणि क्रीमला बारमाही मिळणाऱ्या केळ्याचा स्वाद द्यावा, अशी तोड ड्यूअर यांनी काढली; सेंट लुईसला जाताना ‘ट्विंकल टो’ नावाच्या जोड्यांची जाहिरात पाहून नावही सुचले; आणि दोन केक पाच सेंटांना, अशी मंदीत सापडलेल्या गिऱ्हाइकाला पेलेल अशी किंमत ठेवली गेली. केकच्या बुडाशी तीन छिद्रे दिसतात ती या क्रीम भरण्याच्या क्रियेची खूण.

मद्यबंदीच्या काळात अमेरिकी माणूस गोडाकडे वळला, हे काही कवीचे अनुमान नव्हे. बिअरच्या कारखानदारांना आपली शीतगृहे आणि गाड्या कशातरी जुंपावयाच्या होत्या. पेनसिल्व्हानियातल्या युएंगलिंग घराण्याने दुग्धालय काढून आइस्क्रीम विकले आणि सेंट लुईसच्या अनहॉयझर-बुश कंपनीने यीस्ट, माल्टचा पाक आणि आइस्क्रीम यांवर आपला गाडा हाकला. चोरट्या गुत्त्यांतली जिन इतकी उग्र आणि बेचव असे, की ती घशाखाली उतरविण्यास फळांचे रस, मध आणि साय यांची मदत घ्यावी लागे. ‘अलेक्झांडर’ हे पेय त्याचा उत्तम मासला होय: जिन किंवा ब्रँडी, कोकोचे गोड मद्य आणि साय, एवढेच त्याचे साहित्य, क्रॅडॉक यांच्या पुस्तकात त्याचे दोन्ही प्रकार आहेत. त्यातून मद्य वजा करा, आणि राहते ते केकचे सारण! कॉकटेल आपल्या वाटेने मिठाईपर्यंत येऊन ठेपले होते आणि केक क्रीमने भरला गेला होता. त्या दोघांची गाठ पडावयास मध्यंतरी एक महायुद्ध जावे लागले, एवढेच.

1933 च्या डिसेंबरात मद्यबंदी उठली. महायुद्धाच्या काळात केळी मिळेनाशी झाली, तेव्हा ट्विंकीत व्हॅनिलाचे क्रीम आले आणि लोकांना ते इतके रुचले की केळे मागे पडले ते दीर्घकाळपर्यंत. दरम्यान लॉस एंजलिसच्या हॅरी बेकर नामक विमा-विक्रेत्याने 1927 साली लोण्याऐवजी वनस्पती तेल आणि फेटलेला पांढरा बलक वापरून शिफॉन केक शोधून काढला, त्याची कृती वीस वर्षे कोणास कळू दिली नाही, आणि 1947 साली ती जनरल मिल्स कंपनीस विकली. दुसऱ्या वर्षी ती छापून येताच देशभर तिचा बोलबाला झाला. हा तपशील मी मुद्दाम देतो, कारण घरी क्रीम भरण्याजोगा हलका, थंडीतही मऊ राहणारा आणि सुईच्या टोकाने भोसकला तरी न फाटणारा केक लोकांना मिळाला तो येथून. लोण्याचा केक शीतपेटीत दगडासारखा होतो. तेलाचा तसा होत नाही.

युद्धोत्तर सुबत्तेत कॉकटेल गुत्त्यातून निघून दिवाणखान्यात आले आणि तेथून स्वयंपाकघरात शिरायला त्याला फार वेळ लागला नाही. न्यू ऑर्लीन्सच्या तुजाग उपाहारगृहाशी ज्याचा उगम जोडतात ते ‘ग्रासहॉपर’ पेय, म्हणजे पुदिन्याचे हिरवे मद्य, कोकोचे मद्य आणि साय, यांचीच दुधात वितळविलेल्या मार्शमॅलोत कालवून ‘पाय’ नावाची मिठाई केली गेली आणि पन्नास-साठच्या दशकांत ती पाहुणचाराचा मानबिंदू ठरली. सत्तरच्या दशकात गालियानो, व्होडका आणि संत्र्याचा रस हे ‘हार्वे वॉलबँगर’चे साहित्य तयार पिठाच्या पुडीत आणि पुडिंगच्या पुडीत ओतून केक होऊ लागले. या पाककृतींकडे सुगृहिणींनी नाके मुरडली, आणि ते अगदीच अकारण नव्हते, कारण दोन पुड्या आणि एक बाटली एवढ्यावर पाककलेचा दावा करणे हे धाडसच. तरीही पेय आणि केक यांच्यातला पडदा याच पुड्यांनी फाडला, हे कबूल केले पाहिजे. पोर्टो रिकोत सान हुआन येथील कॅरिबे हिल्टन हॉटेलात रामोन मारेरो यांनी 1954 साली पिना कोलाडा सिद्ध केले असे सांगतात; त्याच बेटावरच्या दुसऱ्या एका उपाहारगृहाचाही त्यावर हक्क आहे आणि त्याचा निवाडा करण्याचे आपल्यास कारण नाही. नारळाचे गोड दाट दूध डब्यात मिळू लागले नसते तर हे पेय जन्मलेच नसते, एवढी गोष्ट मात्र खरी.

2012 च्या नोव्हेंबरात ट्विंकी करणारी कंपनी दिवाळ्यात निघून भट्ट्या बंद पडल्या आणि 2013 च्या जुलैत नव्या मालकांनी त्या पुन्हा पेटविल्या. मधल्या महिन्यांत घरीच ट्विंकी करण्याला एकदम ऊत आला. नौकेच्या आकाराचे खास साचे त्यापूर्वीच बाजारात होते; ज्यांच्यापाशी ते नव्हते त्यांनी मसाल्याच्या बाटलीभोवती अ‍ॅल्युमिनियमचा कागद वळवून साचा केला. कारखान्याच्या पदार्थाची घरी नक्कल करणारा माणूस फार काळ नक्कलेवर समाधान मानीत नाही. व्हॅनिला साधला की त्याची नजर कपाटातल्या इतर बाटल्यांकडे जाते.

तेथे मात्र रसायनशास्त्र आडवे येते. पांढरा बलक आणि साखरेचा पाक फेटून केलेले, किंवा लोणी आणि साखर घोटून केलेले सारण थोडेसेच द्रव सोसते. चमचाभर रम ते जिरवते, अर्धी वाटी घातली की फाटते किंवा वाहू लागते. मार्गारिटाचा लिंबूरस सायीत थेट पडला तर साय नासण्याचा धोका. म्हणून शहाणे लोक रसाऐवजी लिंबाची किसलेली साल घेतात, कारण तिच्यातले तेल स्निग्ध पदार्थात सहज विरघळते, आणि आंबटपणा हवाच असेल तर अंड्याच्या बलकात शिजवून दाट केलेला लिंबाचा रस वापरतात. मोहितोचा पुदिना कोमट सायीत भिजवून गाळावा लागतो. पिना कोलाडा या कामास जणू नेमून दिलेले आहे, कारण त्यात नारळाची स्निग्धता आधीच असते; अननस मात्र आटवून, त्यातले पाणी घालवूनच घ्यावा. कोरड्या मार्टिनीसारखी जी पेये केवळ तीव्रतेवर उभी आहेत, त्यांचा केक करण्याचे प्रयत्न मला तरी व्यर्थ वाटतात. साखरेत त्यांचे काही उरत नाही.

भाजल्याने मद्य संपूर्ण उडून जाते, हा समज सार्वत्रिक असला तरी अमेरिकेच्या कृषिखात्याने प्रसिद्ध केलेले कोष्टक तो खोटा ठरविते. मद्याचा उत्कलनबिंदू 78 अंश असला तरी पाण्याशी आणि पिठाशी जखडलेले मद्य सहजासहजी सुटत नाही. न ढवळता 25 मिनिटे भाजलेल्या पदार्थात सुमारे 45 टक्के शिल्लक राहते, तासभर मंद शिजवलेल्यातही सुमारे 25 टक्के. आणि सारणाला तर आच लागतच नाही, तेव्हा त्यात घातलेले जवळजवळ सर्वच मद्य खाणाऱ्याच्या पोटात जाते. म्हणून घरी असे केक करणाऱ्याने दोन तबके वेगळी ठेवावी, एकात रम आणि एकात रमचा इसेन्स. आणि मुलेबाळे, वडीलधारी मंडळी किंवा व्रतस्थ पाहुणे यांच्यापुढे ती ठेवताना कोणत्या तबकात काय आहे ते वाढण्यापूर्वीच सांगून टाकावे, कारण रंगावरून ओळखू येण्यासारखा त्यांत काहीच फरक नसतो आणि वासावर तर हेज यांचे सिनेटर्सही फसले होते.